पेशंटची थोरली बहीण

रिश्तान, ७ ऑक्टोबर

नोदिर,

तुझी खुशाली विचारत नाही. ती मला न विचारताच मिळते. तुझी बायको गव्हर भांडी घासता घासता मोठ्याने म्हणते, "ह्यांच्याकडे कोरियात थंडी सुरू झाली म्हणे." जणू नळाला सांगतेय. दोन वर्षं मी तुझा फोन घेतला नाही, आणि घेणारही नाही. तू परदेशी निघालास हे मला तंदूरवालीकडून कळलं होतं. मामाला विचारलंस, मुल्लांना विचारलंस, वर्गातल्या टवाळांना विचारलंस, आणि आईला? असो. कागदाचं बरं असतं, मधेच तोंड घालता येत नाही कुणाला. म्हणून लिहिते.

गेल्या काही दिवसांत मी फार लाडकी झाले आहे.

काल हादिचा आली होती. तुझ्या बापाची चुलत बहीण. तुझ्या लग्नात तिला मागच्या दालनात बसवलं म्हणून जिने माझ्या घराचा उंबरा सोडला होता, तीच. नान आणले, हलवा आणला, दाराशी गादीच्या कडेला बसली आणि डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली, "रिसोलत ओपा, थोरल्या बहिणीसारखी तू, माझ्याकडून काही उणंदुणं बोललं गेलं असेल. माझ्यावर राजी हो."

मी म्हटलं, "आहे बाई राजी. चहा गार होतोय."

त्याच्या आदल्या दिवशी शेजारचा तोलिब. आपल्या जर्दाळूची फांदी ज्याने आपण गावाला गेलो असताना छाटली आणि वर शपथ घेतली की वाऱ्याने मोडली. "मुअल्लिमा, ती फांदी मीच कापली होती. राजी व्हा." आता बोल. इतकी वर्षं ती फांदी वाऱ्याने मोडली होती.

आपल्याकडे माणूस माणसाच्या दारात "राजी हो" म्हणून मागचं माफ करून घ्यायला कधी जातो? एक, स्वतः हजला निघताना. दोन, समोरचा जायला टेकला की. ह्यातलं कुणी हजला निघाल्याचं माझ्या कानावर नाही.

ऑगस्टमध्ये पोटात दुखतं म्हणून तुर्गुन मामाने मला शहरात नेलं होतं. नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. रिपोर्ट आणायला मामा एकटाच गेला. येऊन म्हणाला, "साधी सूज आहे ओपा. तळकट कमी खा." तेव्हापासून मामा माझ्या नजरेला नजर देत नाही आणि गव्हर पुलावातलं चांगलं मांस माझ्या बाजूला ढकलते. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, उगीच नाही गाव मला मुअल्लिमा म्हणत. वर्गातली सगळी पोरं एकदम गुणी झाली की मी आधी बाकांखाली बघायची.

तर आता बाकांखाली बघणार आहे. तुला आधी कळवते, कारण मला दाट संशय आहे की तुला सगळं माहीत आहे.

तुझी आई

रिश्तान, १५ ऑक्टोबर

नोदिर,

होतंच तुला माहीत.

गव्हरला धरलं. ओरडले नाही, ओरडलं की ती रडते आणि रडली की बोलत नाही. ती गाजरं चिरत होती. मी शेजारी बसून तांदूळ निवडता निवडता विचारलं, "गव्हर, मी जाणार आहे का गं?" आज नान आणायचे आहेत का, अशा आवाजात. तिची सुरी थांबली.

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

बघ. "काहीतरीच काय" असं नाही म्हणाली. खोटं बोलायलाही अक्कल लागते, ती तिच्याकडे नाही, आणि त्याबद्दल मी तिला पहिल्यांदाच मनातून दुवा दिली.

मग सगळं बाहेर आलं. आतड्यात गाठ आहे. वाईट जातीची. शहरातली सर्जन म्हणते, लगेच कापा. सप्टेंबरपासून म्हणतेय. आणि तुर्गुन मामा सप्टेंबरपासून तिला म्हणतोय, "विचारून सांगतो."

कुणाला विचारतोय ते ऐक, तुला माहीत असलं तरी ऐक, कारण एकामागोमाग एक ऐकल्यावर जी लाज वाटायला हवी ती तुला वाटावी. पहिली त्याची बायको सलोमत. ताश्कंदला स्वतःच्या आत्याकडे राहते म्हणून ती आपल्या घराण्याचं विद्यापीठ झाली आहे. मग मुल्ला. मुल्लांनी दुवा करावी, ते त्यांचं काम, पण आतड्याचं मत? मग मामाचा मित्र दाताचा डॉक्टर. अरे, माझं तोंड जिथे संपतं तिथे त्याची विद्याही संपते! मग बाजारातला काढेवाला, जो मूळव्याधीला आणि नापास होणाऱ्या पोरांना एकच पुडी देतो. आणि शेवटी तू. इंचॉनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारा. तू फोनवरच्या तिथल्या उझबेक पोरांच्या ग्रुपात विचारलंस. गव्हरने मला दाखवलं. तुला उत्तर देणारा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. फोटोत त्याच्या मागे खोकी आहेत.

शेजारच्या म्हशीला कुठला चारा घालायचा हे तुम्ही म्हशीच्या मालकाला विचारता. माझ्या आतड्याचं तुम्ही मला सोडून साऱ्या जगाला विचारलंत.

आणि कारण काय? गव्हरने तुझेच शब्द सांगितले. "आईला सांगू नका, ती काळजाची कच्ची आहे." मी कच्ची! तुझ्या बापाला मातीत ठेवून सगळे परत आले तेव्हा दारात पाणी घेऊन कोण उभं होतं? आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून कोण हुंदके देत होतं? रडलास ते चांगलंच केलंस, बापासाठी रडू नये तर कुणासाठी. पण कच्चं कोण ते तरी नीट म्हण.

आता गंमत सांगते. मी एकेकाला चहाला बोलावलं. आजाराचं नाव काढलं नाही. म्हटलं, शाळेतल्या एका बाईला असं असं झालंय, काय करावं? दाताचा डॉक्टर गंभीर चेहरा करून म्हणाला, "चाकू लागला की हवा लागते मुअल्लिमा, आणि मग ते पसरतं." मुल्ला म्हणाले, "ऐकलंय की चाकू लागला की हवा लागते." काढेवालाही तेच बोलला. तुझा फोर्कलिफ्टवालाही तेच लिहितो. चाकू, हवा, पसरतं. शब्द न् शब्द तोच.

नोदिर, वर्गात पाच जणांच्या वहीत बरोबर उत्तर सारखं निघालं तर मी काही बोलत नसे. पण पाच जणांची चूक एकसारखी निघाली की मी खडू खाली ठेवायची. कारण चूक प्रत्येकाची आपापली असते. एकसारखी असली, तर कुणीतरी एकानेच केलेली आणि बाकीच्यांनी उतरवलेली.

दाताच्या डॉक्टरला हे कुणी सांगितलं? तुर्गुनने. मुल्लांना? तुर्गुनने, त्याने विचारलंच तसं: "चाकू लागला की पसरतं ना?" त्यांनी मान डोलावली. काढेवाल्याकडेही तसंच. फोर्कलिफ्टवाल्याला तू प्रश्नातच उत्तर लिहून दिलं होतंस. आणि तुर्गुनला सांगितलं सलोमतने.

मग मी ताश्कंदला सलोमतला फोन केला. ती खूश झाली, कुणी तिला काही विचारलं की ती खूश होते. तिने ते केस कापायच्या दुकानात ऐकलं होतं. शेजारच्या खुर्चीतली बाई सांगत होती, तिच्या मावशीला कापलं आणि महिन्याभरात गेली.

"मावशीला कधी नेलं होतं गं दवाखान्यात?"

"अगं ओपा, बिचारी दोन वर्षं पुड्या खात होती. मग अगदीच उठवेना, तेव्हा नेलं."

मी फोन ठेवून दिला. पाच शहाणी माणसं, एक खुर्ची, आणि त्या खुर्चीतली बाईसुद्धा सांगत होती की मावशीला उशिरा नेलं. ते तेवढं कुणी उतरवून घेतलं नाही.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. तुम्ही ऐकलंतही जनाचं आणि करताय तेही जनाचंच. तुमचं मन काय बाजारात गहाण पडलंय?

आई

रिश्तान, २४ ऑक्टोबर

नोदिर,

काल शहरात जाऊन आले. एकटी. गव्हरला सांगितलं, जुन्या शिक्षिकांकडे चहा आहे. भाड्याच्या गाडीत कापड घ्यायला निघालेल्या तिघी बायका होत्या, त्या सगळा रस्ता कुठलं रेशीम आटत नाही हे एकमेकींना विचारत होत्या, आणि तिघींपैकी एकीलाही ते माहीत नव्हतं. मला हसू येत होतं, पण पोटात कळ आली की हसता येत नाही.

सर्जनबाई इरोदा सोबिरोव्ना. चाळिशीची असेल. मला तिने कधी पाहिलेलं नाही, तुकडा काढणारा दुसरा होता, हिच्याकडे नुसते कागद आले होते आणि कागदांबरोबर तुर्गुन. तिच्या दाराबाहेर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की मी आत जाऊन "मीच ती" म्हटलं, तर ही बाई हसून म्हणेल, "काळजी करू नका आजी, साधी सूज आहे, भावाला पाठवा." सगळेच तसं म्हणतात. मी स्वतः तुझ्या आजीला तेच म्हटलं असतं.

आत गेले.

"पेशंट कोण?"

"रिसोलत होलमातोवा."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"थोरली बहीण."

तिने कॉम्प्युटरवर नाव शोधलं. "त्यांना सांगितलंय का?"

"छे हो. ती काळजाची कच्ची आहे." तुझं वाक्य आहे. चांगलं चालतं.

"मग मोकळं बोलते," ती म्हणाली, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

बघ, काय जमाना आहे. पेशंटशी मोकळं बोलत नाहीत, बहिणीशी बोलतात. म्हणून मला माझीच बहीण व्हावं लागलं. आणि खरं सांगू, बहीण म्हणून ऐकताना सोपं गेलं. मधेमधे मला त्या रिसोलतची दयाही आली.

ती म्हणाली, गाठ अजून आतड्याच्या भिंतीतच आहे. यकृतात काही नाही, फुफ्फुसात काही नाही. आत्ता कापली तर बहुतेक माणसं पुढे पुष्कळ जगतात. "बहुतेक म्हणते हं, सगळी नाही. पण गाठीने भिंत ओलांडली की मग मी कापून उपयोग नाही. आणि ती कधी ओलांडेल हे मला कुणी सांगितलेलं नाही."

"चाकू लागला की पसरतं म्हणतात?"

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचे भाऊही दर वेळी हेच विचारतात."

"तुम्ही काय सांगता?"

"नाही पसरत, असं सांगते. मग ते म्हणतात, बरं, विचारून सांगतो."

"कुणाला विचारतो ते तुम्ही विचारलं नाहीत?"

"मला वाटलं, पेशंटला," ती म्हणाली.

मग मला जे विचारायचं होतं ते सगळं विचारलं. पोटाला पिशवी लागेल का? कदाचित काही महिने. जेवण? हळूहळू सगळं. दुखेल का? दुखेल. कापताना टेबलावरच जाते का एखादी? क्वचित, पण जाते. तिने एकही गोष्ट साखरेत घोळवली नाही. तुमच्या सगळ्यांच्या दोन महिन्यांच्या विचारपुशीतून जे निघालं नाही ते एका चहाच्या पियालीच्या वेळात निघालं, कारण जिला ठाऊक होतं तिला ठाऊक नसलेल्याने विचारलं. याला काय मोठी अक्कल लागते का रे?

निघताना ती म्हणाली, "तुमच्या बहिणीला समजवाल ना? सही तर तिलाच करावी लागेल."

"माझं ऐकते ती," मी म्हटलं.

खाली उतरताना जिन्यात बसले. एक सफाईवाली बाई बादली बाजूला ठेवून म्हणाली, "ओपा, तुमचं कुणी आहे का इथे?" मी म्हटलं, बहीण आहे. हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं आहे आणि मला पुन्हा सगळं पत्र लिहायचा कंटाळा आहे.

आई

रिश्तान, ३० ऑक्टोबर

नोदिर,

आधीची पत्रं पोस्टाने निघाली आहेत, रस्त्यात कुठे असतील देव जाणे. हे पोस्टात टाकत नाही. गव्हर फोटो काढून तुला पाठवते आहे. ती आता माझ्या पक्षात आहे. तिला मी शुक्रवारी सगळं सांगितलं आणि विचारलं, तुझं काय मत? ती बावरली. "माझं मत, आई?" या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तिला कुणी विचारलेलंच नव्हतं. मग म्हणाली, "जा. मी येते बरोबर." तुझ्या मामाच्या सगळ्या पंचायतीपेक्षा हे वाक्य लहान आहे, आणि कामाचं.

त्याच दिवशी गेलो. इरोदा सोबिरोव्ना दाराकडे बघत म्हणाली, "बहिणीला आणलंत का?"

"आणलंय. मीच ती."

ती आधी लाल झाली, मग रागावली, म्हणाली, ही काय चेष्टा आहे, आजी? मी म्हटलं, "चेष्टा नाही पोरी. तुझ्याकडून खरं काढायचा दुसरा रस्ता दाखव, पुढच्या वेळी त्याने येईन." मग तिने कागद पुढे केला आणि मी सही केली.

काल रविवारी तुर्गुनने आपल्याकडेच बैठक बसवली. कशासाठी, तर डोंगरातल्या एका वैदूकडे मला न्यायचं की तू येईपर्यंत थांबायचं, हे ठरवायला. मला हादिचाकडे चहाला पाठवलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच गाद्यांवर, माझ्याच पियाल्यांतून चहा पीत माझ्याबद्दल ठरवणार, आणि मी बाहेर. मी वाटेतून परतले. खोलीत सगळे होते. दाताचा डॉक्टर, मुल्ला, तोलिब, आणि सलोमत, ती खास ताश्कंदहून आली होती.

"ओपा, तुम्ही पडा जरा आत," तुर्गुन उठत म्हणाला.

"बस खाली. माझी गाठ आतड्यात आहे, कानात नाही. बुधवारी मला कापणार. सही झाली."

कुणीतरी पियाली पालथी केली. तुर्गुन पुन्हा उठला. "ओपा, कुणी सांगितलं तुम्हाला? अहो, कुणाला विचारून सही केलीत?"

"पेशंटला विचारून."

"पण चाकू लागला की..." सलोमतने सुरू केलं.

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. वर्गात बघायची तसं. मग त्या सगळ्यांसमोर त्या खुर्चीतल्या बाईची गोष्ट सांगितली. मावशी, पुड्या, दोन वर्षं, सगळं. कुणी कुणाकडून उतरवलं तेही नावानिशी. दाताचा डॉक्टर समोर पसरलेल्या दस्तरखानावरचे बेदाणे निवडत बसला. मुल्ला मात्र सरळ म्हणाले, "मुअल्लिमा, मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला हवं होतं." त्या एका वाक्यावर मी त्यांचं सगळं माफ केलं.

मग तुर्गुन रडायला लागला. माझा धाकटा भाऊ, पोटावरून पट्टा घसरतो त्याचा, पोरासारखा रडला. "ओपा, मी घाबरलो होतो हो. तिने कापा म्हटलं आणि मला वाटलं, कुणीतरी नको म्हणेल." तेवढंच होतं ते सगळं. तो माहिती विचारत फिरत नव्हता, नकार विचारत फिरत होता. जो देईल त्याच्या दारात.

मला त्याची कीव आली, पण मी दाखवली नाही. कारण लगेच तो माझे हात धरून म्हणाला, "ओपा, आता जाताय तर माझ्यावर राजी व्हा." आणि मागे सगळे उठले. मी पोचले नाही म्हणून हादिचाही मला शोधत आली होती. रांगच लागली.

"नाही," मी म्हटलं.

तुर्गुनने माझे हात सोडले.

"कुणावरही राजी नाही. हादिचा, तोलिब, तुम्हाला मागे म्हटलं होतं, तेही परत घेते."

"ओपा, असं बोलू नये!" तुर्गुन हादरला. "तुम्ही राजी न होता... काही झालं तर आमच्या मानेवर राहील ते!"

"राहील ना? मग बसा दुवा करत, मी टेबलावरून उठून यावं म्हणून. आता तुमचाही त्यात स्वार्थ आहे."

खरं सांगते, त्यानंतर जी दुवा झाली तशी या घरात कधी झाली नव्हती. मनापासून, एकेक जण.

उद्या सकाळी मला दाखल करून घेतात, परवा कापतात. गव्हरने पिशवी भरली आहे. उगीच दोन लोकरीचे मोजे जास्तीचे घातले आहेत, मी काढले नाहीत.

नोदिर, तुझ्यावरही मी राजी नाही, तू विचारायच्या आधीच सांगते. आणि आता एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितली नाही, त्या सर्जनबाईलाही नाही. मला भीती वाटते आहे. पोटात गाठीच्या शेजारीच बसली आहे, सकाळपासून. ती म्हणाली बहुतेक माणसं जगतात. बहुतेकांत मी आहे का, हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि मी कुणाला विचारतही नाही. पण एकटीने हे पोटात ठेवणं मला जमत नाही. एवढीच गोष्ट आहे की जिच्यासाठी मला कुणीतरी लागतं.

हे वाचून लगेच मामाला फोन लावशील, आई खरंच घाबरली आहे का म्हणून. लावू नकोस. गव्हरला विचारू नकोस. त्या फोर्कलिफ्टवाल्याला तर मुळीच नको. माझा फोन माझ्या हातात आहे, चालू आहे, आवाज मोठा करून ठेवला आहे. मला विचार.

तुझी आई